आतलं हँडल

राम्ब्लाच्या, नदीकाठच्या रस्त्याच्या, वळणावर गाडीचं दार उघडलं तेव्हा दार्दो गॅसच्या सिलिंडरचा विचार करत होता. आजच बदलून आणावा की सोमवारपर्यंत निभेल. आधी वारा आत आला आणि त्याच्याबरोबर टायरांचा, पाण्याचा, मागच्या बसचा आवाज. इतका वेळ काचेपलीकडे असलेलं सगळं एकदम मांडीवर येऊन बसल्यासारखं झालं. त्यानं उजवीकडे पाहिलं. बायकोच्या, ओन्दिनाच्या, पलीकडे, जिथं दार असायला हवं होतं तिथं, किनाऱ्याचा दगडी कठडा पळत होता. ती मात्र स्वस्थ बसली होती, पुढं बघत. दार्दोनं एका हातानं तिच्या कोटाची बाही घट्ट धरली आणि दुसऱ्या हातानं गाडी कशीबशी कडेला घेतली. मागचा बसवाला हॉर्न वाजवत, खिडकीतून त्याच्या आईचा उद्धार करत निघून गेला.

"लागलं का कुठं? ओन्दिना, लागलं का तुला?"

"दार उघडलं," ती म्हणाली. पाऊस आला, असं म्हणावं तसं.

तो उतरून गाडीला वळसा घालून आला. त्यानं दार आपटलं, पुन्हा उघडून पुन्हा आपटलं, आणि तिसऱ्या वेळी आपटताना त्याच्या लक्षात आलं की आपल्याला राग आलाय आणि या रागानं बरं वाटतंय. गेल्या दीड वर्षात राग यावा असं पुष्कळ घडलं होतं, पण राग करायला समोर कुणी नव्हतं. आता निदान एक दार होतं. पत्र्याचं, गंजलेलं, चूक कबूल न करणारं. त्यानं तिच्या छातीवरून पट्टा ओढून लावला. पट्टा दाबतो म्हणून ती तो काढून टाकायची, आणि रोज त्यावरून थोडी बोलाचाली व्हायची. आज ती काही बोलली नाही.

ही संध्याकाळची फेरी त्यांनी मागच्या हिवाळ्यापासून सुरू केली होती. दुपार कलली की ओन्दिना घरभर फिरायला लागायची. कपाटं उघडायची, गादीखाली बघायची, पर्स काखेत मारून दाराशी उभी राहायची आणि म्हणायची, "चल, घरी जाऊ या." हेच घर, ह्याच घरात आपण एकोणतीस वर्षं राहतोय, असं दार्दो सुरुवातीला सांगायचा. मग सांगेनासा झाला. एकदा वैतागून त्यानं तिला गाडीत बसवलं, आणि गाडी सुरू झाल्याबरोबर ती शांत झाली. गाडीत दोघं शेजारी बसतात, दोघंही समोर बघतात. घरात ती समोर आली की तिची नजर काहीतरी शोधतेय हे त्याला दिसायचं, आणि आपण तिला सापडत नाही हेही दिसायचं. गाडीत ते दिसत नसे. गाडीत ती कधीकधी जुनी ओन्दिना व्हायची. "ती बाई बघ," म्हणायची, "कुत्र्याला स्वेटर घातलाय. नवऱ्याला घातला नसेल कधी." आणि दार्दो हसायचा, गरजेपेक्षा जास्त हसायचा. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं, पुढं काय काय होईल तेही सांगितलं होतं. साल्तोला राहणाऱ्या मुलीला, मिर्ताला, त्यानं फोनवर एवढंच सांगितलं होतं की आई जरा विसराळू झालीय. मिर्ता म्हणाली होती, "तुम्ही दोघंही होताय, बाबा." ते त्यानं मान्य करून टाकलं.

तेव्हा ते दार नीट व्हायलाच हवं होतं. गाडी दोन दारांची होती, त्यामुळे तिला मागच्या सीटवर बसवलं तरी पुढच्या दाराची भीती होतीच; आणि मागं बसवलं तर मग गाडीत बसवण्याला अर्थ काय. त्यानं कुलपात तेल घातलं. चौकटीला रबराची पट्टी चिकटवली. शेवटी दाराच्या हँडलपासून सीटच्या लोखंडापर्यंत दोरी बांधली, बंदरात शिकलेली गाठ मारून. दुसऱ्या दिवशी फेरीवरून परत आल्यावर पाहिलं तर दोरी सुटून तिच्या पायाशी पडली होती, व्यवस्थित गुंडाळी करून. त्यानं ती गुंडाळी हातात घेतली, थोडा वेळ पाहिली, आणि ठरवलं की हात आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, गाठ ढिली बसली असणार.

ला तेहा वस्तीत एबेरचं गॅरेज होतं. एबेर पन्नाशीचा, पोट सुटलेला, तोंडानं फटकळ; त्याच्या बापाच्या वेळेपासून दार्दो तिथं जात होता.

"दार्दोकाका! ही गाडी जिवंत आहे अजून? मला वाटलं, तिला पुरूनसुद्धा झालं."

"दार लागत नाही."

"लागत नाही की राहत नाही?"

"लागतं," तो म्हणाला. "राहत नाही."

ओन्दिना बाकावर बसून एबेरच्या बायकोनं दिलेला माते, तो कडवट पानांचा काढा, पीत होती, आणि गरम आहे म्हणून दर घोटाला तिचे आभार मानत होती. एबेरनं बिजागऱ्या आवळल्या, चौकटीवरचा आकडा सरळ केला, भंगारातल्या तशाच एका गाडीचं कुलूप काढून बसवलं. मग दहा वेळा दार आपटून दाखवलं. आवाज भरीव येत होता. दार्दोला तो आवाज फार आवडला. किती साधं असतं हे, त्याला वाटलं. काहीतरी झिजलेलं असतं, ते बदलायचं असतं. "आता चोराला हे दार कापून न्यावं लागेल," एबेर म्हणाला. त्या संध्याकाळी दार्दोनं बेकरीतून ओन्दिनाला आवडायच्या त्या क्रीमच्या पेस्ट्री आणल्या, आणि तिनं विचारलं, "कुणाचा वाढदिवस आहे?"

चौथ्या दिवशी दार पुन्हा उघडलं. सिग्नल जवळ आला म्हणून गाडी हळू होती, एवढंच नशीब. दार्दो तसाच गाडी वळवून ला तेहाला आला आणि गॅरेजमध्ये शिरताशिरता मोठ्यानं बोलायला लागला. एबेरनं ऐकून घेतलं. हात पुसले. कुलूप पाहिलं, आकडा पाहिला, वाकून बिजागऱ्या पाहिल्या.

"काका, ह्या दाराला काही झालेलं नाही."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"असं कुठं म्हटलं मी. चला, एक चक्कर मारू. मला बघू दे."

तो मोठ्या मुश्किलीनं मागच्या सीटवर शिरला. ओन्दिनानं वळून हसून त्याच्याकडे पाहिलं. "बसा, बसा. पायाला जागा आहे ना? ह्या गाड्या आता लहानच करतात," ती म्हणाली, आणि दार्दोला वाटलं, बघ म्हणावं, आहे का हिला काही? ते निघाले. ढग खाली आले होते, नदीचं पाणी मातीच्या रंगाचं दिसत होतं. दोन चौक गेले, तीन गेले. दार्दो दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोर बघत होता, मान दुखेपर्यंत समोर बघत होता. दार उघडू नये असं त्याला वाटत नव्हतं. उघडावं, आणि एबेरनं ते पाहावं, आणि म्हणावं, हां, ह्याच्यात हे बिघडलंय.

"काका," मागून एबेर हळूच म्हणाला, एरवीच्या आवाजात नाही. "कडेला घ्या. घाई नको."

त्यानं गाडी कडेला घेतली आणि मग उजवीकडे पाहिलं. ओन्दिनाची दोन बोटं हँडलच्या आत होती. पट्टा सोडवलेला होता, पर्स काखेत होती. बोटं चाचपडत नव्हती, थरथरत नव्हती. रोजच्या थांब्यावर उतरणाऱ्या बाईची असतात तशी होती.

"भाऊ, मी इथंच उतरते," ती त्याला म्हणाली. "तुम्ही नका त्रास घेऊ. पुढं बस मिळते मला. उशीर झाला तर भेटीला सोडत नाहीत हो आत."

दार्दोला आधी फक्त 'तुम्ही' ऐकू आलं. सेहेचाळीस वर्षांत तिनं त्याला तुम्ही म्हटलं नव्हतं. पहिल्या भेटीतसुद्धा नाही. पहिल्या भेटीत ती म्हणाली होती, तुझी टोपी घाण आहे. मग हळूहळू बाकीचे शब्द आत आले. बस. उशीर. भेट. आणि एबेर मागं बसलाय, गाडी अर्धी फूटपाथवर आहे, हे सगळं तिथंच ठेवून दार्दो दुसऱ्या एका गाडीत, दुसऱ्या एका सिग्नलला जाऊन बसला.

शहाहत्तर साल, लष्करी राजवटीचं. बापाची जुनी हिरवी गाडी. ओन्दिनाचा धाकटा भाऊ ओल्वेर तुरुंगात होता. गावाबाहेर, पन्नास किलोमीटरवर. त्याच्या सायकलच्या पिशवीत कसलीशी पत्रकं सापडली होती. एक शनिवार सोडून एक भेट मिळायची. पहिल्या भेटीला गाडीनं सोड, असं ओन्दिनानं म्हटलं, दार्दो हो म्हणाला, आणि ते निघालेही. पण त्या रस्त्याला लागलेल्या गाड्यांचे नंबर टिपून घेतात असं लोक म्हणत, आणि ज्यांचे नंबर टिपले त्यांच्या नोकऱ्यांचं काय होतं तेही म्हणत. बंदरातल्या शीतगृहात तो नुकताच कायम झाला होता. पुलाच्या अलीकडच्या सिग्नलला त्यानं सांगितलं की पुढं तो येऊ शकत नाही. कारण सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. तिनं दार उघडलं, पिशवी घेतली, उतरली, दार हलकेच लावलं आणि बसथांब्याकडे चालायला लागली. सिग्नल हिरवा झाला. तो गाडी वळवून घरी आला आणि दुपारभर स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त करत बसला. संध्याकाळी ती आली, बुटांवर पांढरी धूळ होती. तिनं मक्याच्या पिठाचा पोलेंता शिजवायला टाकला आणि ढवळताढवळता म्हणाली, "ओल्वेरनं तुझी चौकशी केली." बस, एवढंच. त्यानंतर चार वर्षं ती बसनं जात राहिली. शुक्रवारी पिशवी भरायची: साबण, मोजे, सिगरेटी. शनिवारी पहाटे ती उठायची तेव्हा दार्दो जागा असायचा, आणि बाहेरच्या दाराचा आवाज होईपर्यंत डोळे मिटून पडून राहायचा. ओल्वेर सुटला, लग्न केलं, दार्दोबरोबर बसून रविवारी फुटबॉलच्या मॅचेस पाहिल्या, अठ्ठ्याण्णव साली छातीच्या दुखण्यानं गेला. कुणी कधी काही काढलं नाही. दार्दोला वाटलं होतं, मिटलं. डॉक्टर म्हणाले होते की ह्या आजारात नवं आधी जातं, जुनं उशिरा. म्हणजे वरचं सगळं निघून गेलं, मिर्ताचा जन्म, हे घर, एकोणतीस उन्हाळे, आणि खाली जे उरलं ते हे होतं: त्याच्या गाडीतून उतरणं. हा आजार आहे की हीच ती आहे, हे त्याला कळेना. आणि ज्याला विचारावं असं एकच माणूस होतं, ते शेजारी बसून त्याला भाऊ म्हणत होतं.

"आज भेट नाहीये, ओन्दिनाकाकू," मागून एबेर म्हणाला. "उद्या आहे."

"हो का?" ती म्हणाली. "बरं झालं सांगितलंत. उगीच हेलपाटा पडला असता." आणि तिनं हँडलवरचा हात काढला.

गॅरेजमध्ये परत आल्यावर एबेरची बायको ओन्दिनाला आत घेऊन गेली. एबेर बराच वेळ एकच पाना पुसत राहिला. मग म्हणाला, "आतलं हँडल काढून टाकतो. वर पत्र्याची चकती बसवतो. बाहेरून उघडेल, आतून नाही. माझ्या मावशीच्या वेळी घराच्या दाराला असंच करावं लागलं होतं आम्हाला."

शीतगृहातल्या पहिल्या दिवशी म्हाताऱ्या मुकादमानं त्याला वजा अठरा अंशांच्या खोलीत नेलं होतं, दार लावलं होतं आणि दिवा मालवला होता. "शोध," अंधारातून मुकादम म्हणाला होता. आतला खटका सापडेपर्यंत किती वेळ गेला असेल, मिनिट, दीड मिनिट. पण भिंतीवरून हात फिरवताना दार्दोला स्वतःचा श्वास ऐकू येत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो श्वास परक्याचा वाटला होता. "हे विसरायचं नाही," बाहेर आल्यावर मुकादम म्हणाला. "दार आतून उघडलंच पाहिजे. बाकी मांस सडलं तरी चालेल." एकतीस वर्षं रोज घरी निघण्यापूर्वी दार्दोनं सहाही खोल्यांचे आतले खटके दाबून पाहिले. एकतीस वर्षांत कुणी आत अडकलं नाही. त्याला आयुष्यात स्वतःचा अभिमान वाटावा अशी ही एक गोष्ट होती, आणि ती त्यानं कुणाला सांगितली नव्हती, कारण त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

"काढ," तो म्हणाला.

चार स्क्रू होते. एबेरनं निघालेलं हँडल त्याच्यापुढं धरलं. दार्दोनं ते घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवण लवकर झालं. भांडी विसळायच्या आधीच ओन्दिना पर्स घेऊन दाराशी उभी राहिली. ते निघाले. ला तेहा मागं पडल्यावर तिचा उजवा हात दाराकडे गेला. दार्दो बघत नव्हता, तरी त्याला दिसत होतं. हाताला चकती लागली. हात थांबला, वर गेला, खाली आला, काचेच्या कडेपर्यंत जाऊन परत आला. किती वेळ तो फिरत राहिला. हात फिरवण्याचा आवाज येत होता, कोरडा, बारीक.

"भाऊ," ती म्हणाली, "दार उघडत नाही हो."

त्यानं गिअर बदलला.

"तुमचं दार अडकलंय. जरा बाहेरून बघता का? मला खरंच उतरायला हवं. रांग मोठी असते, आणि मागं राहिलं की निम्मा वेळ तिथंच जातो." ती रडत नव्हती. ती फार नम्र झाली होती. हा आवाज दार्दोनं कधी ऐकला नव्हता; शिपायांशी, पहारेकऱ्यांशी, शिक्के मारणाऱ्या बाबूंशी बोलायचा हा आवाज असणार, आणि तो तिनं घरी कधी आणला नव्हता. "विनंती करते तुम्हाला. आमच्याकडून काही चुकलं असेल तर सांगा. पण उतरू द्या."

ओल्वेर नाही आता, असं मागं एकदा तिनं विचारलं तेव्हा त्यानं सांगून पाहिलं होतं. ते तिनं पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं होतं. त्या रात्री तिला झोपवता झोपवता उजाडलं होतं. त्यानं गाडी कडेला उभी केली. हात स्टिअरिंगवरच राहिले.

"किती वाजता असते भेट?" त्यानं विचारलं. 'असते' म्हणताना जीभ जड झाली.

"तीनला. पण दोनपासून उभं राहावं लागतं."

"मी सोडतो तुम्हाला."

"अहो, पन्नास किलोमीटर आहे!"

"सोडतो."

तिनं त्याच्याकडे नीट वळून पाहिलं. मग पट्टा ओढून स्वतःच लावला.

त्यानं पूल ओलांडला. इतक्या वर्षांत तो या रस्त्याला कधी लागला नव्हता. कामच पडलं नाही, असं तो स्वतःला सांगत आला होता. रस्ता साधा होता. गाई, तारांची कुंपणं, निलगिरीच्या रांगा, मधेच टायरवाल्याचं दुकान. त्याच्या मनात हा रस्ता अरुंद होता आणि दोन्ही बाजूंनी कुणीतरी उभं होतं. ओन्दिना त्याला रस्ता सांगत होती, एकदाही न चुकता. "इथं बस वळते. इथं पोरगा संत्री विकायला चढतो. आता डावीकडे." जिथं पाटी होती तिथं पाटीच्या आधी ती म्हणाली, "आलं."

तुरुंग अजून होता. आता साधे कैदी होते, चोऱ्यामाऱ्यांचे. फाटकाबाहेर बायकांची रांग होती, हातांत पारदर्शक पिशव्या, आणि त्यांना पाहून दार्दोला आठवलं की आज शनिवार. त्यानं उतरून, वळसा घालून दार उघडलं. तिनं मफलर नीट केला, "फार उपकार झाले" म्हणाली आणि सरळ जाऊन रांगेच्या शेवटी उभी राहिली. त्याला वाटलं होतं, आपण गाडीपाशी थांबू. पण ती मोकळ्या रानात, वाऱ्यात, एवढीशी दिसत होती. तो जाऊन तिच्यामागं उभा राहिला.

पुढच्या तरुण पोरीनं मागं वळून पाहिलं. तिच्या पिशवीत बिस्किटं आणि टूथपेस्ट होती. "कोण आहे आत, आजी?"

"भाऊ."

"माझा नवरा. आणि हे कोण, तुमचे मिस्टर?"

ओन्दिनानं दार्दोकडे पाहिलं. तिची नजर त्याच्या टोपीवर गेली, चेहऱ्यावर आली, आणि तिथं जरा थांबली.

"नाही, नाही," ती म्हणाली. "ह्या भल्या माणसानं मला सोडलं नुसतं. माझ्या नवऱ्याला यायचं होतं हो. दर वेळी निघतो. पण बंदरात कामाला आहे ना तो, आणि नेमक्या शनिवारीच बोटी लागतात. सुट्टी मागायला गेला तर साहेबाची बोलणी खाऊन आला बिचारा. रात्री पिशवी तोच भरून देतो. मोजे त्यानंच घेतलेत, लोकरीचे."

"असतात अशी कामं," पोरगी म्हणाली.

"हो ना. मनाला लावून घेतो फार. मी म्हणते, जाऊ दे, मी आहे ना."

शनिवारी शीतगृह बंद असायचं. दार्दो मफलरच्या वर आलेल्या तिच्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिला. ती अडखळली नव्हती. पर्स कुठं ठेवली ते तिला सांगता येत नव्हतं, मुलीचं नाव कधी यायचं कधी नाही, पण हे सगळं शब्दाला शब्द जागच्या जागी होतं. चार वर्षं, एक शनिवार सोडून एक, याच जागी उभं राहून, पुढून मागं वळून बघणाऱ्या प्रत्येक बाईला सांगून सांगून गुळगुळीत झालेलं. आणि त्या सगळ्या बायकांनी मान डोलावली असणार, त्याला न पाहता त्याच्याबद्दल चांगलं मत करून घेतलं असणार. तो तोंड उघडून काही म्हणणार होता.

आतून कुणीतरी फाटकाची कडी काढली आणि रांग थोडी पुढं सरकली.

"सरका ना," ओन्दिना मागं न बघता त्याला म्हणाली. "जागा सोडली की मधे कुणी घुसतं."

तो सरकला.